दोरीवर सहा लंगोट

साळवे सिस्टर बाळंतिणीच्या घरी आल्या की आधी दोरीकडे बघायच्या. बाळ कुठंय, आई कशी आहे, हे सगळं नंतर. अंगणात लुना उभी करायची, पदर खोचायचा आणि वाळत घातलेले लंगोट बोटानं मोजायचे. सहा भरले की घरात पाऊल. सहाच्या आत असले तर उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात व्हायची.

"पाजून राह्यले की नुसतं मांडीवर घेऊन बसून राह्यले?"

घरातली म्हातारी म्हणायची, "शिष्टर, पोरगं लई रडतंय. दूध पुरत न्हाई तिचं."

"रडणं मोजू नका, लंगोट मोजा. वरून गेलं न्हाई तर खालून येईल कुठून?"

हे वाक्य आमच्या गावानं तेरा वर्षं ऐकलं आणि तेरा वर्षं हसून सोडून दिलं. मीही हसलो. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेचा मी सत्तावीस वर्षं सचिव होतो. दूध म्हणजे काय ते आपल्याएवढं कोणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. आज मला शहात्तरावं चालू आहे आणि त्या समजुतीचा मला वीट आला आहे.

सिस्टरांबद्दल आमच्या गावात, त्याहून जास्त आमच्या घरात, एक गोष्ट सांगितली जाते. त्यांनी वरचं दूध पाजू दिलं नाही, म्हणून एक तान्ही पोरगी उपासमारीनं मरता मरता वाचली. ती पोरगी म्हणजे माझी नात, प्रतीक्षा. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे पहिल्या दिवसापासून ज्याला माहीत होतं तो माणूस मी आहे.

सिस्टर बुटक्या होत्या, सावळ्या, आणि कपाळावर एक उभी आठी, ती झोपेतही जात नसावी. अंबाड्यात कायम पेन्सिलीचा तुकडा खोचलेला. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत. बायांना सरसकट 'बाई' म्हणायच्या आणि पुरुषांना हुद्द्यानं हाक मारायच्या. सरपंच, मास्तर, सचिव. त्यांच्या तोंडून नुसतं 'बरं' आलं की समोरच्यानं सावध व्हावं. 'बरं' म्हणजे, तुमचं खुळेपण ऐकून झालं, आता माझं ऐका.

आणि खुळेपण तरी किती. डावीकडचं दूध पाणी आणि उजवीकडचं जेवण, म्हणून एकाच बाजूनं पाजणाऱ्या बाया होत्या. आईला ताप आला की चार चार दिवस पोराला छातीला न लावणाऱ्या होत्या. मूल जन्मलं की मध, गुळाचं पाणी, एरंडेल, सगळं चाटवून व्हायचं, फक्त आईचं दूध तेवढं तीन दिवस राहून जायचं. कापूस वेचून घरी आलेल्या बाईनं आधी थोडं दूध जमिनीवर पिळून टाकायचं, कारण उन्हानं ते तापलेलं असतं. एका सासूला सिस्टरांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही बी उन्हातूनच आल्या ना? मंग तुमच्या अंगातलं रक्त उकळलं का? टाका की मंग ते बी पिळून." ती सासू सहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. सिस्टर मात्र दर आठवड्याला जाऊन तिची दोरी मोजत राहिल्या.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. शेजारच्या द्वारकाबाईची गाय व्याली होती आणि त्याच आठवड्यात तिची सूनही बाळंत झाली होती. द्वारकाबाईनं खरवस केला, मला खायला बोलावलं. मी ओट्यावर बसून खात होतो तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांच्याही हातात एक ताटली दिली गेली. आत सून बसली होती आणि तिची आई तिचं पहिलं पिवळं दूध वाटीतल्या राखेत पिळून टाकत होती.

सिस्टरांनी ताटली खाली ठेवली.

"द्वारकाबाई, वासराला पहिला चीक कवा पाजला?"

"लगेच. अर्ध्या घंट्यात. न्हाई पाजला तर वासरू उभंच राहत न्हाई, बाई."

"बराबर. मंग ही काय राखंत टाकून राह्यली?"

"ते वंगाळ असतंय. घट्ट, पिवळं. पोटात गोळा होतो लेकराच्या."

"गाईचं घट्ट-पिवळं वासराला पाजता, उरलं तर तुम्ही खाता, ह्या सचिवाला खाऊ घालता. अन् नातवाला राख दाखवता?"

"अवो शिष्टर, ते जनावर हाय."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे या घरात जनावर म्हणून जन्म घेतला असता तर पोराचं भलं झालं असतं."

मी खरवस खात खात हसलो. त्या दिवशी त्यांनी सुनेच्या शेजारी दोन तास बसून पोराला पाजायला लावलं. द्वारकाबाई बाहेर येऊन मला म्हणाली, "हिच्या तोंडाला कोण लागंल." मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज होतो.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हे लिहिणं अर्धंच राहील. सिस्टर बौद्ध समाजाच्या. गावातल्या बऱ्याच घरांत त्यांच्यासाठी चहाचा एक ग्लास कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आमच्या घरीही होता. कोणी बोलून दाखवत नसे, त्याही नाही. चहा पिऊन झाला की त्या ग्लास स्वतः विसळायच्या आणि कोनाड्यात पालथा घालायच्या. एकदाच, घरी तान्हं पोर घेऊन पाहुणी आली होती तेव्हा, माझ्या बायकोला, कौसल्येला, त्या म्हणाल्या, "माझ्या ग्लासाला एवढं जपता बाई. तेवढं पोराच्या बाटलीच्या बुचाला जपा. ते आत्ता शेळीच्या पायाखालून उचललं तुम्ही." कौसल्येनं ते मनात ठेवलं. आमच्या घरात मनात ठेवायची जागा कोनाड्यापेक्षा मोठी होती.

आता मशीनचं सांगतो. प्रतीक्षा जन्मली त्या वर्षी आमच्या संस्थेत दुधाचं फॅट मोजायचं नवीन मशीन आलं. दूध नळीला लावलं की आकडा दिसायचा आणि गुळगुळीत कागदाची छोटी पावती बाहेर यायची. गावाला वेड लागल्यासारखं झालं. एकानं ताक मोजायला आणलं, एकानं स्टँडवरच्या हॉटेलातला चहाच आणला. मीही आकडे वाचून दाखवायचो, लोक हसायचे. मशीनवर बसलेला माणूस म्हणजे न्यायाधीश, असा माझा तोरा होता.

माझी सून नंदा पहिलटकरीण. प्रतीक्षा महिन्याची झाली तरी संध्याकाळच्या वेळी रडायची, सगळीच तान्ही पोरं रडतात तशी. लंगोट मात्र दिवसाला आठ-आठ होत. सिस्टर येऊन दोरी बघायच्या, पोरीचं वजन करायच्या, "झकास चाललंय" म्हणून जायच्या. कौसल्येला पटेना. "दूध पातळ हाय तिचं. निळसर दिसतंय. पोरीचं पोट भरत न्हाई," हा तिचा जप. एके दिवशी सकाळचं संकलन आटपलं आणि ती पदराखाली वाटी झाकून संस्थेत आली.

"हे लावा मशीनला."

"काय हाय?"

"नंदाचं."

मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी 'नको' म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मशीन समोर होतं आणि मला आकड्याची उत्सुकता होती. खरं कारण एवढंच आहे, यापेक्षा मोठं काही सापडत नाही. मी माझाच सभासद क्रमांक घातला आणि वाटी नळीला लावली. फॅट आलं दोन पॉइंट एक.

म्हशीचं सहा-सात, गाईचं साडेतीन. दोनचं दूध आम्ही संस्थेत घेतच नसू. मी पावती घेऊन घरी गेलो आणि ओट्यावर बसलेल्या चार माणसांसमोर बोललो, "संस्थेत आणलं असतं तर परत पाठवलं असतं."

सगळे हसले. आत दाराआड नंदा पोरीला घेऊन बसली होती, ती हसली नाही.

संध्याकाळी बाटली आली. गाईचं दूध, त्यात निम्मं पाणी, वर चमचाभर साखर. नंदा 'मी पाजते' म्हणाली असेल, मला ऐकू आलं नाही. कौसल्येनं सिस्टरांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्या यायच्या वेळी बाटली फडताळात जायची, पावती तिच्याच खाली दाबलेली. पोरगी छातीला कमी लागू लागली तसं नंदाचं दूध खरंच कमी झालं, आणि कौसल्या म्हणाली, "बघा, मशीन काय खोटं बोलतंय का."

चैत्राचं ऊन तापलं आणि पोरीला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी सिस्टर अंगणात आल्या तर दोरीवर पंधरा-सोळा लंगोट. त्या धावतच आत गेल्या. पोरीचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. त्यांनी फडताळ उघडलं, बाटली हुंगली, खालचा कागद काढून वाचला आणि वहीत ठेवला. गावातली जीप थांबवली, पोरीला मांडीवर घेतलं आणि जालन्यापर्यंत चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत गेल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. दहा दिवसांनी आम्ही पोरीला घरी आणलं.

त्या दहा दिवसांत भेटायला येणाऱ्यांना कौसल्या सांगत होती, "शिष्टरनं वरचं दूध पाजूच दिलं न्हाई ना. पोरगी सुकून गेली." मी शेजारी उभा होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, घरी गेल्यावर समजावू. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा मीही मान हलवली. आम्ही घरी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती. ज्या ज्या घरांत सिस्टरांनी सासवांना कधी सुनावलं होतं ती सगळी घरं जागी झाली. त्यांची बदली व्हावी असा अर्ज करायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी लिहिला. पहिली सही माझी आहे.

चौकशीला साहेब आले. सिस्टर म्हणाल्या, "माझी वजनांची वही बघा." साहेबांनी वही चाळली, चहा घेतला आणि बदली केली.

त्या निघाल्या त्या दिवशी मी उपकेंद्राच्या मागच्या त्यांच्या खोलीवर गेलो. कशासाठी गेलो ते अजून सांगता येत नाही. पेटी टेम्पोत चढली होती. त्यांनी वहीतून पावती काढून दाखवली. सभासद क्रमांक एक्केचाळीस, फॅट दोन पॉइंट एक.

"सचिव, हे मशीन कशासाठी लावलंय?"

"गाई-म्हशीसाठी."

"नंदा गाय हाय का?"

मी पावतीवरचा आकडा परत वाचला.

"बाईचं दूध सुरुवातीला पातळ असतं, पाजत गेलं की शेवटी घट्ट येतं. तुम्ही ती पहिली वाटी मोजली. ती बी म्हशीच्या मापानं. पोरीचं वजन मी मोजत होते, ते वाढत होतं. ते कोणाला बघायचं नव्हतं."

मी विचारलं, "साहेबाला ही पावती का न्हाई दाखवली? तुमची बदली टळली असती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतकं साधं कसं कळत नाही, असं त्यांच्या आठीवर लिहिलेलं होतं.

"दाखवली असती तर गावानं काय वाचलं असतं? नंदाच्या दुधात फॅट न्हाई, सरकारी मशीनचा कागद हाय. जन्मभर तिच्या कपाळी तेच राहिलं असतं. अन् दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातल्या साऱ्या सासवा वाट्या घेऊन तुमच्या दारात उभ्या राहिल्या असत्या." पावती त्यांनी परत वहीत ठेवली. "तिला तुमच्याच घरात राह्यचंय. तिला तेवढं खरं सांगा. मला काही नको."

मी "हो" म्हणालो. टेम्पो गेला.

बावीस वर्षं मी तिला सांगितलं नाही. कौसल्या होती तोवर, तिची फजिती होईल म्हणून नाही सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली, मग, गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला म्हणून नाही सांगितलं. कारणं कधी कमी पडली नाहीत.

गेल्या महिन्यात प्रतीक्षा आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली. बारा दिवस बरे गेले आणि तेराव्या दिवसापासून तेच सुरू झालं. संध्याकाळी पोरगी रडायची. प्रतीक्षानं कुठून तरी दूध काढायचा पंप मागवला, बाटलीत दोन बोटं दूध आलं, ते उजेडात धरून म्हणाली, "मम्मी, हे तर पाणीच आहे." आणि नंदा म्हणाली, अगदी शांतपणे, "आपल्या नशिबातच न्हाई बाई दूध. मला बी नव्हतं. तू त्यापायीच मरता मरता वाचली. त्या शिष्टरचं ऐकत बसलो म्हणून." दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा आला. आताच्या नर्सबाई येऊन सांगून गेल्या, तर प्रतीक्षा त्यांना म्हणाली, "मॅडम, नर्सचं ऐकून माझं काय झाल्तं ते आमच्या घरी विचारा."

मी ओट्यावर बसून हे ऐकलं. याच ओट्यावर मी एक वाक्य बोललो होतो, ते नातीच्या लेकीपर्यंत पोचलं होतं.

चौथ्या दिवशी मी हसनाबादला गेलो. रिटायर झाल्यावर सिस्टरांनी तिथं भावाशेजारी दोन खोल्या बांधल्याचं ऐकून होतो. त्या अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, अंबाड्यात पेन्सिल.

"या सचिव. अजून आहात का?"

मी बोलायला लागलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. मी तुमचा अपराधी आहे, वगैरे. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं.

"नातीची पोरगी किती दिवसांची?"

"सतरा."

"पावडर कवा सुरू केली?"

"चार दिवस झाले."

"छातीला लावते का अजून?"

"कधी कधी, वाटतंय."

"वाटतंय," त्यांनी माझाच शब्द मला परत केला. "माफीचं नंतर बघू. येते मी. पण सचिव, त्या घरात मी पोरं उपाशी मारणारी बाई हाय. ती पोरगी माझं ऐकंल का? तुम्ही आधी आत जाऊन सांगा. सगळ्यांना. मी अंगणात थांबते. माझ्यासमोर नका सांगू, मला ते ऐकायचं न्हाई."

निघताना त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, तिच्यातून एक कागद काढून मला दिला. मी चष्मा लावला, उजेडाकडे धरला. पावती तीच होती, कोरी. आकडे केव्हाच उडून गेले होते.

"त्या कागदावर टिकत न्हाई," त्या चपला घालत म्हणाल्या. "आता तुमच्याच तोंडात राह्यलंय ते."

आम्ही जीपनं आलो. अंगणात आल्या आल्या त्यांनी दोरीकडे बघितलं. दोरीवर दोन टॉवेल आणि विलासचा, माझ्या मुलाचा, शर्ट.

"लंगोट कुठायत?"

"आता डायपर लावतात, सिस्टर."

"म्हणजे मोजायची बी सोय ठेवली न्हाई," त्या म्हणाल्या आणि लिंबाच्या सावलीला उभ्या राहिल्या.

मी आत गेलो. प्रतीक्षा पलंगावर होती, पोरगी रडत होती. नंदा गॅसवर बाटली उकळत होती, विलास जेवत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वाटी, मशीन, पाणी घातलेलं दूध, जुलाब, अर्ज, सही. फार वेळ लागला नाही. बावीस वर्षं ज्याचा डोंगर केला ते सांगायला चार-पाच मिनिटं पुरली, याचाच मला संताप आला.

विलासचा घास हातात राहिला. नंदानं चिमट्यानं बाटली पाण्याबाहेर काढली, ओट्यावर ठेवली, गॅस बंद केला.

"आबा, म्हणजे माझ्या दुधाला काहीच झालं नव्हतं?"

"न्हाई."

"किशोर झाला तवा मी त्याला पाजलंच न्हाई." किशोर तिचा धाकटा. "दुसऱ्या दिवशीच छातीला पट्टी बांधून घेतली. दूध वाहायचं, आबा. लुगडं भिजायचं. तरी मी म्हणायची, पाणीच हाय, जाऊ दे."

विलासनं ताट बाजूला सारलं.

"चार माणसांत तुम्ही म्हणाल्ते, संस्थेत आणलं असतं तर परत पाठवलं असतं. ते मी कोणाला सांगितलं न्हाई. माझ्या आईला बी न्हाई." ती खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं. "त्या सिस्टरच ना? अन् तुम्ही त्यांना अंगणात उभं ठेवलंय?"

ती गेली आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. पाणी दिलं. पिऊन झाल्यावर सिस्टरांनी सवयीनं ग्लास विसळला आणि भिंतीकडे वळल्या. तो कोनाडा आम्ही टाइल्स बसवताना बुजवला आहे. ग्लास हातात धरून त्या क्षणभर तशाच राहिल्या. नंदानं तो घेतला आणि मांडणीवर आमच्या ग्लासांत ठेवला.

"पुरुष माणसं बाहेर," सिस्टर म्हणाल्या.

मी आणि विलास ओट्यावर बसलो. विलास माझ्याशी बोलला नाही, अजूनही फारसा बोलत नाही. आतून आवाज येत होता.

"पोट पोटाला लाव. अशी. तू वाकू नको, तिला वर आण. बाई, कुस्ती खेळून राह्यली का, खांदे सोड. नुसतं टोक न्हाई, मोठा घास दे तोंडात. दुखलं? मंग काढ, परत लाव. घाई कोणाला हाय?"

"सिस्टर, पण पंपात एवढंसंच येतं हो," प्रतीक्षा.

"पंप काय पोरगी हाय का? त्याला बघून पान्हा फुटंल? पोरगी ओढंल तेवढं येईल. जेवढं ओढंल तेवढं वाढंल. वाटीतलं बघू नको, बाटलीतलं बघू नको. पोरीकडं बघ."

मग पोरीचं रडणं थांबलं. थोड्या वेळानं नंदाचं नाक ओढल्याचा आवाज आला आणि सिस्टर म्हणाल्या, "तू आता रडू नको, नंदा. जा, तिला भाकर दे, उपाशी बसलीय."

बाहेर येऊन त्यांनी मला कामाला लावलं. "डायपर बंद, पंधरा दिवस. लंगोट बांधा. दर दोन तासाला पाजायचं, मागंल तवा बी पाजायचं. पावडर हळूहळू कमी करायला सांगितलीय, अन् तीन दिवसांनी उपकेंद्रात वजन करायचं, आताच्या नर्सबाईचं ऐकायचं. अन् तुम्ही रोज लंगोट मोजायचे. आकडे लिहायची सवय हाय ना? मंग लिहा."

मी त्यांना पिंपळगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. बाकावर बसलो. मला वाटलं, आता विचारावं. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही मला..." पण त्यांचं लक्ष पलीकडे होतं. एक तरुण बाई तान्ह्या पोराला बाटलीच्या झाकणातून पाणी पाजत होती.

"किती महिन्याचं?" सिस्टर.

"तिसरा लागलाय."

"मंग पाणी?"

"ऊन किती हाय, मावशी. घसा सुकतो लेकराचा."

सिस्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं, जणू ते पाणी मीच पाजत होतो. मग त्या उठल्या, गुडघा धरून, आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "बरं," म्हणाल्या. "आईच्या दुधात काय असतं, सांग मला. जास्त करून पाणीच की. तहान लागली तर पाज."

"सासूबाई म्हणतात..."

"सासूबाई काय म्हणतात ते मला पाठ हाय."

भोकरदनची एसटी आली. दोघी एकाच गाडीत चढल्या, एकाच बाकावर बसल्या. खिडकीतून मला सिस्टरांचं बोट दिसत होतं, त्या बाईच्या तोंडासमोर नाचणारं. मी हात वर केला. त्यांनी बघितलं नाही. गाडी हलली तेव्हा त्यांना माझी आठवण झाली असावी. त्यांनी मान बाहेर काढली, हात हलवला नाही, फक्त एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताचं एक. मग परत त्या बाईकडे वळल्या.

घरी आलो. नंदानं जुनी सुती लुगडी फाडून लंगोट केले होते. दोरीवर चार होते. दिवस मावळायला अजून वेळ होता.